माझ्या पायाखालचा ब्रेक

ती गोणी फक्त माझ्यासाठी होती, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

रावेरला स्टँडच्या मागं ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी उभी असायची. माझा नंबर आला की शिकवणारे नाना डिकी उघडायचे. आतून खताची रिकामी गोणी काढायचे. प्लास्टिकची. ती झटकायचे, ड्रायव्हरच्या सीटवर अंथरायचे, चारी कोपरे हातानं दाबायचे. मग म्हणायचे, "हं, बस."

मी बसायचे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, बरोबर आहे. मी बागेतून थेट आले होते. केळीचे घड वाहायचं माझं काम. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. दिसायला पाण्यासारखा. पण कपड्यावर पडला की काळा होतो आणि तो डाग मग कशानंच जात नाही. माझ्या सगळ्या साड्या खांद्यावर काळ्या आहेत. गाडी दुसऱ्याची, सीट मळेल, माणूस जपणारच. मीच मनातल्या मनात नानांची बाजू घेतली. ही आपली जुनी खोड. समोरच्यानं काही म्हणायच्या आधी आपणच त्याच्या वतीनं बोलायचं.

दुसऱ्या दिवशीही गोणी.

तिसऱ्या दिवशी मी कामावर खाडा केला. अंघोळ केली. बहिणीच्या लग्नातली साडी नेसले. तिच्यावर चिकाचा एक ठिपका नव्हता. माझ्या आधी वैशालीताईचा नंबर होता. त्या वेळेला आम्ही दोघीच शिकायला असायचो. ती मोठ्या बागायतदाराची सून, मी त्यांच्याच बागेत मजूर. ती त्या दिवशी बागेतून आली होती. ठिबकची नळी कुठंतरी फुटली होती म्हणे. सँडलला घोट्यापर्यंत चिखल. ती तशीच बसली, गाडी चालवली, उतरली. खाली चिखलाची ढेकळं पडली होती. सीटच्या कडेलाही लागला होता.

"अय्या, नाना, घाण झाली हो."

"असू द्या ताई. गाडी आहे, मळणारच." नानांनी हातानं ढेकळं गोळा केली, बाहेर फेकली. हात पँटला पुसले.

आणि डिकी उघडली.

मी धुतलेल्या साडीत उभी होते. ते गोणी झटकत होते. तेव्हा मला फॉर्म भरायचा दिवस आठवला. नाना लिहून घेत होते. नाव विचारलं, वय विचारलं. तोपर्यंत मला "ताई" म्हणत होते. मग विचारलं, "गावात घर कुठं?" मी म्हटलं, "भीमनगर." नाना म्हणाले, "अच्छा." एवढंच. पुढचं वाक्य होतं, "इथं सही कर."

सगळं कळलं. तरी मी काय केलं? बसले. त्या गोणीवर बसले. पुढचे अठरा दिवस रोज बसले. हे मला लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहिते.

का बसले, तेही सांगते. आम्ही अकरा बाया एका पिकअपमध्ये उभ्यानं बागेत जातो. सकाळी सहाला. धरायला काही नसतं, एकमेकींना धरायचं. पिकअपचा ड्रायव्हर मध्येच, काही कारण नसताना, जोरात ब्रेक मारतो. आम्ही सगळ्या एकमेकींवर पडतो. तो आरशात बघून हसतो. एकदा जनाबाईचा दात पडला. ती साठीची आहे. तिनं दात पदरात बांधला आणि दिवसभर घड वाहिले. त्या आठवड्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत ठरलं, एक जुनी गाडी घ्यायची. सीटं असलेली. बसून कामावर जायचं. पण चालवणार कोण? मी म्हणाले, मी चालवीन. मी नववी शिकलेली, बाकीच्यांपेक्षा चार अक्षरं जास्त. तेवढ्यात बायकांना चारचाकी शिकवायची एक सरकारी योजना आली आणि माझं नाव लागलं. त्या अकरा जणींच्या तोंडाकडे बघून मी बसले.

प्लास्टिकवर माणूस घसरतो. क्लच दाबायला पाय लांब केला की मी अख्खी पुढं सरकायचे. टाच उचलली जायची. क्लच फटकन सुटायचा. गाडी उडी मारून बंद.

"हळू सोड म्हणलं ना! कोयता आहे का तो?"

मागच्या सीटवर वैशालीताई हसायची. वाईट हसायची नाही. हसू आलं म्हणून हसायची.

आरसा तिच्या उंचीला लावलेला असायचा. मी बुटकी. मला त्यात गाडीचं छत दिसायचं. एकदा मी आरशाकडे हात नेला. "आरशाला हात नको." मग मी मागचं न बघताच गाडी शिकत राहिले. नाना म्हणायचे, मागचं मी बघतो, तू पुढं बघ.

मला मात्र वाटायचं, येतंय थोडं थोडं. पहिला गिअर, दुसरा गिअर. सावद्याच्या रस्त्यावर केळीचे ट्रक समोरून येतात, तेव्हा गाडी डावीकडे घ्यायची. गतिरोधक आला की हळू. गाडी हळू व्हायची. थांब म्हटलं की थांबायची. घरी जाऊन मी चुलीपुढं बसल्या बसल्या पाय हलवायचे. क्लच, ब्रेक. क्लच, ब्रेक. जनाबाई विचारायची, "आलं का वं माय तुले?" मी म्हणायचे, "येऊन राह्यलं."

लायसनच्या परीक्षेला जळगावला नेलं. आधी आठाच्या आकड्यावर गाडी फिरवायची, मग चढावर थांबवायची आणि मागं येऊ न देता पुढं न्यायची, शेवटी रिव्हर्स. शेजारी आरटीओचे साहेब बसले. नाना बाहेर, कठड्याशी. मी आठ कसाबसा काढला. चढावर गेले. साहेब म्हणाले, "थांबवा."

मी ब्रेकवर पाय ठेवला, जसा रोज ठेवत होते. गाडी थांबली नाही. मी घाबरून जोरात दाबला. गाडी धाडकन थांबली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. क्लच सोडला. गाडी मागं यायला लागली. किती दाबायचं, किती सोडायचं, माझ्या पायाला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. साहेबांनी हँडब्रेक ओढला. "बाई, तुम्हाला ब्रेकचा अंदाजच नाही. किती दिवस शिकलात?"

शिकवायच्या गाडीत नानांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. ते मला माहीत होतं. पण एकवीस दिवस गाडी तेच चालवत होते, तेच थांबवत होते, हे माहीत नव्हतं. मी नुसतं स्टेअरिंग धरून बसले होते. जत्रेतल्या पाळण्यातल्या मोटारीत पोरं बसतात ना, तशी.

वैशालीताई पास झाली. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "नाना, तुम्ही माझ्या वेळेला पाय उचलत नव्हते का?"

"तुझ्या भरवशावर सोडली असती तर गाडी नाल्यात गेली असती."

"ताईंच्या वेळेला उचलायचे?"

वैशालीताई खिडकीतून बाहेर बघत होती. तिला उत्तर माहीत होतं. ती तर शिकली होती.

नापास झालेल्यांना आणखी चार दिवस सराव देतात. मी गेले. वैशालीताईही आली होती, तिला गर्दीतला सराव हवा होता. नानांनी डिकी उघडली. गोणी अंथरली. कोपरे दाबले.

"हं, बस."

मी गोणी उचलली. घडी केली. त्यांच्या हातात दिली.

"मी याच्यावर बसणार नाही, नाना."

"सीट मळते."

"कशानं मळते?"

"तुले मालूम आहे."

"मला नाही माहीत. तुम्ही सांगा. तोंडानं सांगा."

स्टँडवरचे दोन-तीन रिक्षावाले बघायला लागले. नानांचं तोंड लाल झालं. शिवी देतील असं मला वाटलं. त्यांनी शिवी दिली नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. वैशालीताईला म्हणाले, "ताई, तुम्ही बसा. चला." ती माझ्याकडे न बघता बसली. गाडी गेली. चांगली गेली, एकदाही बंद न पडता.

लोकांना वाटतं, असं बोललं की छाती भरून येते. मी मात्र रसवंतीच्या मागं जाऊन बसले आणि रडले. आता गाडी कोण शिकवणार, या विचारानं रडले. अपमानाचं रडू नव्हतंच ते. शिकायचं राहिलं, त्याचं होतं.

योजनेच्या कार्यालयात तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, नीट ऐकलं. मग विचारलं, "साक्षीदार कोण?"

मी वैशालीताईच्या घरी गेले. मागच्या दारानं. तिनं ओट्यावर येऊन हळू आवाजात सांगितलं, "मला यात ओढू नको गं. नाना आमच्या घरच्यांच्या ओळखीचे. आणि एवढं काय, गोणीच तर होती."

पुढच्या सोमवारी मुकादमानं त्यांच्या बागेसाठी नावं पुकारली, त्यात माझं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात जनाबाईचंही नव्हतं. जनाबाई मला काही बोलली नाही. तिच्या सुनेनं बोलून घेतलं. "तुह्या मानापायी आमची चूल बंद झाली." मी ऐकून घेतलं. ती खोटं बोलत नव्हती.

तक्रारीचं मी तीनदा विचारलं. चौकशी चालू आहे, असं तीनदा ऐकलं.

मग मी धुळ्याला गेले. धाकटी बहीण तिथं दिली आहे. तिचा नवरा जुन्या व्हॅनमधून मंडपवाल्यांचं सामान नेतो. कमी बोलणारा माणूस. मी सगळं सांगितलं. त्यानं पुढं-मागं 'एल'चे कागद चिकटवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या माळावर गाडी नेली. मला स्टेअरिंगपुढं बसवलं. सीट पुढं ओढून दिली. म्हणाला, "अक्का, पहिले आरसा लावी ल्या, तुमले दिसी असा."

आरशात मला पहिल्यांदा मागचा रस्ता दिसला.

मग तो शेजारी बसला. हात मांडीवर. "मन्हाकडे ब्रेक नई शे, अक्का. तुम्ही थांबाडशात तव्हयच गाडी थांबी." त्याच्याकडे ब्रेकच नव्हता, मी थांबवली तरच गाडी थांबणार होती.

मी गाडी सुरू केली. क्लच सोडताना कुठंतरी मध्ये गाडी थरथरते, तिथं पाय धरून ठेवायचा, हे तेव्हा कळलं. त्याच्या गाडीत तो थरथराट तळपायाला लागत होता. गाडी चालली. समोर बाभूळ होती. मला घाम फुटला. मी त्याच्याकडे बघितलं, तो बाभळीकडे बघत होता. मी ब्रेक दाबला. आधी हळू, मग थोडा जास्त. गाडी थांबली. बाभळीच्या बरंच अलीकडे.

"काय व्हयनं?" तो म्हणाला. "थांबनी ना?"

वयाच्या चौतिसाव्या वर्षी माझ्या पायानं एक गोष्ट थांबली होती.

नऊ दिवस शिकले. मग त्याच व्हॅनमधून जळगावला गेलो. मैदानावर नाना होते, नव्या पोरींना घेऊन आलेले. त्यांनी मला पाहिलं. परीक्षा घेणारे साहेब तेच होते. आठ नीट निघाला. चढावर गेले. "थांबवा." थांबवली, हँडब्रेक ओढला. "घ्या पुढं." क्लच अर्ध्यावर आणला, थरथराट लागला, हँडब्रेक सोडला. गाडी बोटभरही मागं आली नाही. चढून गेली.

मग रिव्हर्स. खांबांच्या मधून गाडी मागं घ्यायची. मी डाव्या आरशात जास्त वेळ बघत राहिले. उजवीकडे आवाज झाला. खांब पडला होता.

साहेब म्हणाले, "चढ छान घेतलात. रिव्हर्सचा सराव करा, बाई. या वेळेला पास नाही करता येणार."

मी उतरले. नाना त्यांच्या पोरींना म्हणाले, मला ऐकू जाईल असं, "बघा. सगळ्यांचं काम नाही हे."

बहिणीचा नवरा पुढं झाला. मी त्याचा हात धरला. मला भांडायचं नव्हतं. मी त्या पडलेल्या खांबाकडे बघत होते. मागच्या वेळेला मी नापास झालेच नव्हते, गाडी माझ्याकडे आलीच नव्हती. या वेळेला आली. हा खांब मी पाडला. साहेबांनी मला योग्य नापास केलं.

खिडकीवर गेले. पुढची तारीख मागितली. आतला माणूस म्हणाला, "सरावाला वेळ हवा असेल तर पुढच्या महिन्यातली देतो."

"नको. सगळ्यात जवळची द्या."

त्यानं तारीख लिहून दिली. ती हुकली तर मी त्याच्या पुढची घेईन. तीही हुकली तर त्याच्याही पुढची. माझी चूक असेल तर खुशाल नापास करा. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी मी आता स्टेअरिंगपुढून उठणार नाही.