मिनूचं मरणं आणि काकांच्या मिरच्या

किस्से म्हणजे एसीच्या जाळीवरची धूळ. आज पुसा, आठवड्यात परत तेवढीच! इथे आखातात, आमच्या अबू हलीफाच्या बिल्डिंगमध्ये चार माणसं चहाला बसली की पहिली धूळ उडते ती मिनूची.

मिनू म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या साटमकाकांची मुलगी. आता कॅनडात ॲक्ट्रेस आहे. खरीखुरी, पडद्यावरची! लोक तिच्याबद्दल मलाच विचारतात, कारण मी तिची बेस्ट फ्रेंड. शिवाय मी घरीच सापडते. नववीत दुसऱ्यांदा लटकले तेव्हा शाळेने आणि मी एकमेकींचा नाद सोडला.

तर ऐका. हसायचं तिथे हसा.

*

मिनूचं टॅलेंट एकच. मरणं!

आम्ही दहा वर्षांच्या होतो. मी तिला लिफ्टमध्ये आडवी झोपवली, डोळे उघडे, जीभ थोडी बाहेर, आणि बटण दाबून खाली पाठवली. मी आणि दुसऱ्या मजल्यावरचा फहीम जिन्याने खाली पळालो, मजा बघायला. फहीम रत्नागिरीचा, माझा पार्टनर. आयडिया माझी, मार त्याला, अशी आमची पार्टनरशिप.

बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, इजिप्तचा म्हातारा. त्याने लिफ्ट उघडली आणि "या रब! या रब!" करत गुडघ्यावर बसला. बिचाऱ्याने स्वतःचा चष्मा काढून काच तिच्या नाकाखाली धरली. श्वास असेल तर वाफ दिसेल म्हणून.

आम्ही जिन्यातून बघत होतो. काच स्वच्छ. एक मिनिट गेलं, काच स्वच्छच. फहीमने माझा हात धरला. "सुमे, ये सच में गयी क्या?"

हारिस रडायलाच लागला, तेव्हा मिनू उठून बसली आणि म्हणाली, "अंकल, चश्मा गंदा है. साफ करो."

*

शुक्रवारी साटमकाका आम्हाला समुद्रावर न्यायचे. काका अमघऱ्याच्या एका यार्डात स्टोअरकीपर. आठवडाभर भंगार मोजायचं आणि शुक्रवारी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन बसायचं. मिनू बाहेर आली की कुडकुडत एकच ओरडायची, "बाबा, टॉवेल!" मे महिन्यात, पन्नास डिग्रीत पण कुडकुडायची!

एकदा ती बुडी मारून बसली. मी जोरजोरात आकडे म्हणत होते. चौऱ्याऐंशीला काकांनी समोशाची पिशवी उघडली आणि मी मोजणं सोडून समोशावर पडले. अर्धा खाऊन झाला तेव्हा आठवलं, अरे, मिनू आत आहे!

तेवढ्यात ती आली बाहेर. "बाबा, टॉवेल!" मग मला म्हणाली, "शंभर पूर्ण ऐकले, मगच आले हां."

"मी चौऱ्याऐंशीला थांबले गं."

"हट! नव्व्याण्णव, शंभर, सगळं स्पष्ट ऐकलं."

आम्ही समुद्राकडे बघितलं. आमच्याशिवाय कोणी नव्हतं. फहीम म्हणाला, "ज्याने मोजलं त्याला पण एक समोसा ठेवा."

ठेवला. आम्हाला काय माहीत कोण आहे!

*

मिनूचा जन्म टोरंटोचा. काका तेव्हा तिथे होते, पण थंडी सोसेना म्हणून इकडे आले. तिचा पासपोर्ट मात्र निळा, कॅनडाचा. तेरा वर्षांची झाल्यावर काकूंनी तिला शिक्षणासाठी परत नेलं. काका इथेच राहिले, कारण पगार इथेच. असं अर्धं घर तिकडे, अर्धं इकडे.

तिकडे शाळेच्या नाटकातल्या मॅडमनी तिला ऑडिशनला नेलं. बाकीच्या मुली रडून दाखवत होत्या, गाऊन दाखवत होत्या. ही गेली आणि खाली झोपली.

पहिलं काम मिळालं डिटेक्टिव्ह सीरियलमध्ये. प्रेताचं! काकूंनी कॅसेट पाठवली. तिकडची कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर चालेना, चित्र नुसतं खालीवर पळायचं. शेवटी फहीमने मामाच्या रुमैथियाच्या दुकानातून कुठल्याही देशाची कॅसेट चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर आणला, तेव्हा दिसली. स्टीलच्या टेबलावर मिनू, निळे ओठ, पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी.

मी आणि फहीम टाळ्या वाजवतोय आणि काका पांढरेफटक. ते किचनमध्ये गेले. मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या मुठीत घेऊन आले आणि चक्क टीव्हीची दृष्ट काढायला लागले! तीनदा ओवाळलं, पुटपुटले, आणि मिरच्या गॅसवर टाकल्या. असा ठसका उठला की आम्ही तिघं खोकून खोकून गॅलरीत.

"हसतस काय गो?" काका डोळे पुसत म्हणाले. "ठसको लागलो म्हणजे काय नाय. मिरच्ये जळान पण ठसको लागाक नाय, तर समजायचा, दृष्ट खरीच लागली हा."

*

दुसरं काम भुताचं. म्हणजे प्रमोशनच!

काका ड्युटीवर असले की त्यांची चावी आमच्याकडे असायची. मी दुपारी कॅसेट लावली, मिनूचं पांढरं तोंड पूर्ण स्क्रीनभर आलं तिथे पॉज केलं, टीव्ही दरवाजाकडे फिरवला, पडदे ओढले. मग हारिसला हाक मारली की सिलिंडर आणा.

आला बिचारा. दार उघडलं, सिलिंडर टाकून असा पळाला की एक चप्पल इथेच!

आम्ही सोफ्यामागे लोळून हसत होतो. अचानक फहीम हसायचा थांबला. "सुमे, तिने डोळे मिटले."

"पॉजवर आहे, गाढवा."

"मिटले. आता उघडले."

मी बघितलं. मग मी पण हसायची थांबले.

संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं. मार पडेल असं वाटलं होतं. काकांनी चहा ओतता ओतता एवढंच म्हटलं, "लहानपणापासना तशीच. फोटो काढताना डोळे मिटताच ती."

आणि मिरच्या काढल्या. ठसका लागला. जोरात!

*

आता माझा गुन्हा सांगते. हा फक्त फहीमला माहीत आहे.

तिसरं काम म्हणजे मोठी फिल्म. मिनू वयाने लहान, म्हणून कागदावर आईबाप दोघांची सही हवी. गुरुवारपर्यंत सही फॅक्स केली नाही तर रोल दुसरीला जाणार. काकांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "ह्यात मरूचा नाय. दोन वेळा मरान झाला. तिसऱ्यांदा मी सही करूचंय नाय."

त्याच दिवशी मिनूचा मला फोन. "सुमे, काहीपण कर, सही घे. पहिल्यांदा मला बोलायला आहे गं! आत्तापर्यंत नुसती पडून असते मी."

काका यार्डातून फॅक्सचा कागद घेऊन आले. शेवटच्या सीनचं पान सोबत होतं. काकांचं इंग्रजी लोखंडाच्या साइजपुरतं. कागद माझ्या पुढे ठेवून म्हणाले, "वाच गो. आणि खरा सांग. मरता?"

मी वाचलं. गोठलेलं तळं. मुलगी बर्फावरून चालते, बर्फ फुटतो, ती आत जाते. शेवटची ओळ होती, ती वर येत नाही. नापास असले तरी एवढं मला कळतं.

"नाही मरत, काका," मी म्हटलं.

"मगे काय होता?"

आता थांबले असते तर पकडली गेले असते. म्हणून तोंडाला येईल ते ठोकलं. "वर येते की! कुडकुडत येते, आणि म्हणते, बाबा, टॉवेल."

काकांच्या डोळ्यांत पाणी. मग खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

जिन्यात फहीम म्हणाला, "कॅसेट येईल तेव्हा काय करशील?"

"तेव्हाचं तेव्हा."

*

कॅसेट सात महिन्यांनी आली. शुक्रवार, दुपारचे दोन. बाहेर धुळीचं वादळ, खिडक्या घट्ट बंद, खोलीत सगळं नारिंगी. काका सोफ्यावर, मी आणि फहीम खाली कार्पेटवर. मी बाथरूमच्या दारापाशी जागा धरली होती, पळायला सोपं.

मिनू बोलली! अख्खी तीन वाक्यं. काका लहान मुलासारखे हसले.

मग ते तळं आलं. बर्फ फुटला. मिनू आत गेली. पाणी हललं, मग थांबलं. मला घाम फुटला. काका माझ्याकडे बघणार एवढ्यात...

ती वर आली.

केस चिकटलेले, ओठ निळे. बर्फावर कोपर टेकून बाहेर आली, सरळ आमच्याकडे बघितलं आणि कुडकुडत म्हणाली, "बाबा, टॉवेल."

मराठीत! इंग्रजी पिक्चरमध्ये!

काका उठले. दोरीवरचा टॉवेल ओढला आणि टीव्हीसमोर दोन्ही हातांनी पसरून उभे राहिले. आम्हाला ते उभे राहिलेले फक्त पाठमोरे दिसत होते. ते बाजूला झाले तेव्हा पडद्यावर नावं चालली होती आणि टॉवेल खाली कार्पेटवर पडला होता.

फहीमने कॅसेट मागे घेतली. परत लावली. बर्फ फुटला, मिनू आत गेली, पाणी थांबलं. नावं सुरू झाली. परत मागे, परत नावं. पाच वेळा. ती वर येतच नव्हती.

काका किचनमध्ये गेले. मीठ, मोहरी, सात मिरच्या. ओवाळून गॅसवर टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या, धूर झाला, खिडक्या बंद. आम्ही तिघं तोंड उघडं ठेवून उभे, वाट बघत.

कोणीच खोकलं नाही.

काकांनी फोन लावला. तिकडे सकाळ. मिनूनेच उचलला, झोपेतला आवाज. स्पीकर चालू होता.

"बरी असस मा गो?"

"हो बाबा. काय झालं?"

"तू पाण्यातसून वर येतस नि टॉवेल मागतस, ता आत्ता बघितलंय."

तिची झोप उडाली. मग ती एकदम हळू बोलली.

"आईने सांगितलं का तुम्हाला? मी तिला शप्पथ घातली होती. दोरी सुटली होती बाबा. मी खरंच बर्फाखाली अडकले होते. बाहेर आल्यावर मी तसं म्हणाले, सगळ्यांनी ऐकलं, कुणाला कळलं नाही. पण तुम्ही कसं बघितलं?"

"कॅसेटीत."

"बाबा, तेव्हा कॅमेरा बंद होता."

काकांनी फोन ठेवला. भिंतीला टेकून खाली बसले आणि मला म्हणाले, "सुमे, तो टॉवेल उचल गो."

मी कुणाला घाबरत नाही, सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. मी नाही उचलला. फहीमने पण नाही.