साडी घेतली म्हणून हक्क सोडला?

माझ्या धाकट्या भावाने मला फसवलं आणि तलाठ्याने त्याला मदत केली. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे बहीण-भावातला गैरसमज होता असं कोणी म्हणायला नको.

मी साड्या विकते. नवरा गेल्यावर गाठोडं डोक्यावर घेऊन दारोदार फिरले. आता दारव्ह्याच्या आठवडी बाजारात माझं स्वतःचं दुकान लागतं. व्यापारी माझ्याशी भाव करायला कंटाळतात. कापड बोटांत चुरलं की त्यात सूत किती आणि खळ किती, ते मला कळतं.

वडिलांच्या तेरवीला मी माहेरी गेले. जेवणं झाल्यावर भावाने सगळ्यांसमोर मला साडी दिली आणि तिच्यावर एक कागद ठेवला.

"बाई, वारसाची नोंद करा लागते. इथं सही कर."

वहिनी म्हणाली, "नणंदबाईले वाचता येते. वाचू द्या न."

भाऊ हसला. "सख्ख्या भावाचा कागद तपासून राह्यली काय? हे का बजार हाय?"

मांडवातले सगळे हसले. मला लाज वाटली आणि मी सही केली. त्याआधी साडीचा काठ मात्र सवयीने उलटून पाहिला होता. माल हलका होता. कागद पाहिला असता, तर तोही कळला असता.

या उन्हाळ्यात वडिलांच्या शेताचा सातबारा काढला. त्यावर एकट्या भावाचं नाव. तशीच तलाठ्याकडे गेले.

"मावशी, तुम्ही राजीखुशीनं हक्क सोडला न. हा तुमचा जबाब." तेरवीला मी सही केलेला तोच कागद होता.

"मले कोणी इचारलं?"

"नोटीस काढली होती."

त्याने दुसरा कागद पुढे केला. नोटिशीवर पत्ता माहेरचा. पोच भावाच्या सहीची, खाली लिहिलेलं, 'बहिणीकरिता'. मी लग्नापासून दारव्ह्यात राहते, हे त्या गावात कुत्र्यालाही माहीत आहे.

"बहिणी सोडतातच, मावशी. साडी तर घेतली न तुम्ही?"

हे सरकारचा पगार घेणारा माणूस बोलत होता, सरकारी खुर्चीत बसून. मी टेबलावर हात आपटला. "साडी कोणत्या कलमात लिवली हाय, दाखवा मले!"

"आवाज कमी करा. घरचा मामला आहे तुमचा."

यवतमाळच्या वकिलाने मला दोन गोष्टी सांगितल्या. मुलीचा वाटा मुलाइतकाच. आणि वाटा सोडायचा तर नोंदणी कार्यालयात जाऊन दस्त करावा लागतो, मांडवातल्या साध्या कागदावर तो जात नाही. हे मला साड्या विकता विकता कळलं. तलाठ्याला तर ते शिकवून नेमलं होतं!

मी अपील केलं आहे. भाऊ निरोप पाठवतो, "अपील मागं घे, दरवर्षी चांगली साडी देतो." मला साडी नको, माझ्याकडे गठ्ठे पडले आहेत. मला सातबाऱ्यावर माझं नाव हवं.

उद्या मी 'भावाकरिता' अशी सही करून त्याचं शेत माझ्या नावावर मागितलं, तर हाच तलाठी मला पोलिसांत देईल. मग माझी नोटीस त्याने भावाच्या हातात कोणत्या अधिकाराने दिली? त्याने आणि ती नोंद मंजूर करणाऱ्या त्याच्या साहेबाने मला याचं उत्तर द्यावं. तोंडी नको. लेखी, सही-शिक्क्यासह, आणि माझ्या दारव्ह्याच्या पत्त्यावर.