तिसऱ्या नळीतला धूर

भर दुपारी वर्कशॉपच्या शेडमध्ये अगरबत्त्या लावणाऱ्या मुली म्हणून आमची कॉलेजात पुरेशी चेष्टा झाली होती. जळगावचा उन्हाळा, वर तापलेला पत्रा आणि आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट: गाडीच्या इंजिनात हवा किती सहज जाते ते मोजायचं. इंजिनाला हवा पोचवणारा चार नळ्यांचा भाग, मॅनिफोल्ड, आम्ही एका लाकडी खोक्यावर बसवला होता. खोक्यातल्या जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारी हवा ओढायच्या. एका वेळी एकच नळी उघडी ठेवायची. बाकीच्या नळ्या मेसमधून मागून आणलेल्या कणकेनं बुजवायच्या. काचेच्या नळीतलं निळं पाणी किती चढतं त्यावरून आकडा मिळायचा, आणि हवा कुठे अडते ते अगरबत्तीच्या धुरावरून कळायचं.

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या नळीनं धूर सरळ गिळला. तिसरीच्या तोंडाशी तो थबकला, थोडा आत गेला आणि वळून माझ्या चेहऱ्यावर आला. आवाजही वेगळा होता. बाकीच्या नळ्या बारीक शीळ घालायच्या, ही खाकरायची. माझे वडील, नाना, मला हाक मारण्याआधी असेच खाकरायचे.

"गळती असेल. परत मोज," माझी प्रोजेक्टमधली जोडीदारीण म्हणाली. ती वरणगावची, मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारी.

हा मॅनिफोल्ड माझ्या वडिलांच्या गाडीचा आहे, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

नाना धुळ्यात भाड्याची गाडी चालवायचे. तीन वर्षांपूर्वी सोनगीरजवळ हायवे ओलांडताना त्यांची गाडी मधोमध उभी राहिली आणि ट्रकनं उडवली. ट्रकवाला म्हणाला, ड्रायव्हर झोपला होता. सगळ्यांनी ते मान्य केलं, मायनंसुद्धा. ती रडली कमी आणि चिडली जास्त. झोप येत होती तर गाडी बाजूला का घेतली नाही, हे ती फोटोतल्या नानांना अजून विचारायची. मला ते सहन होत नव्हतं. नाना झोपणारे नव्हते, गाडीच बंद पडली असणार, हे मला सिद्ध करायचं होतं.

म्हणून प्रोजेक्टच्या नावाखाली मी नानांची मोडलेली गाडी विकत घेतलेल्या धुळ्यातल्या भंगारवाल्या चाचांकडे गेले. चाचांनी आधी नकार दिला.

"बेटा, अपघाताच्या गाडीचं सामान मी सांगितल्याशिवाय देत नाही. त्या गाडीतला माणूस गेलाय. दुसरं घे."

"मला तेच पाहिजे," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. बहुतेक ओळखलं असावं. मग त्यांनी तो भाग पोत्यात घातला.

चार दिवस आम्ही मोजत राहिलो. तिसरी नळी रोज कमीच हवा घ्यायची. मला भीती वाटत होती आणि, खोटं कशाला बोलू, आनंदही होत होता. चौथ्या दिवशी जोडीदारीण चहाला गेली. मोटारी बंद होत्या, तरी काचेतलं निळं पाणी हललं. हळूच बोटभर चढलं, थांबलं, उतरलं. उन्हानं आतली हवा फुगते, पाणी हलतं, हे मला पाठ होतं. तरीही मी दोन पावलं मागे सरकले. वाऱ्याचा मागमूस नव्हता, आणि तिसऱ्या नळीशी धरलेल्या अगरबत्तीचा धूर माझ्याकडेच येत होता.

शेवटी मी तारेचा आकडा करून आत घातला. वळणावर काहीतरी मऊ लागलं. ओढलं तर तेलानं काळं झालेलं फडकं बाहेर आलं. एका कडेला हिरवा काठ अजून दिसत होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अपघाताच्या आधीच्या रविवारी नाना अंगणात गाडीचा एअर फिल्टर साफ करत होते. आत नट पडू नये म्हणून हवेच्या तोंडात फडकं कोंबायचं काम माझं. काम झाल्यावर "ओढ" म्हणाले. मला क्लासला उशीर होत होता. मी हिसका दिला, टर्रकन आवाज झाला. हातात अर्धंच आलं होतं, उरलेलं आतच राहिलं. मला ते दिसलं होतं. तरी मी ते फेकलं आणि सायकल काढली. पुढचा आठवडाभर गाडी धक्के देत होती आणि नाना पेट्रोलला शिव्या घालत होते.

ते फडकं चुलीत घालायचं माझ्या मनात आलं होतं. कोणालाच कळलं नसतं. पण मग नाना कायमचे झोपलेलेच राहिले असते. शनिवारी धुळ्याला गेले, फडकं मायपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं.

मायनं काठावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "हाई मना लुगडानं शे. मीच फाडी दिन्हं व्हतं." तिच्याच लुगड्याचा तुकडा, तिनंच नानांना फाडून दिलेला.

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. ती भिंतीवरच्या नानांच्या फोटोकडे बघत होती.

"मंग त्या झोपेल नव्हतात ना?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.