वरचा सूर गेला तेव्हा

थायरॉईडची गाठ काढली आणि माझा वरचा सूर गेला. नांदूरघाटच्या आमच्या महिला भजनी मंडळात तीस वर्षं मीच पुढे बसून गात आले होते. आवाज पहिल्यासारखा होईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून मी देवळात जाणं सोडलं. बायका बोलवायला आल्या की डोकं दुखतंय म्हणायची. खरं तर मी देवावर रुसले होते. ज्याच्यासाठी गायले, त्यानंच गळा घ्यावा, हे मनाला पटत नव्हतं.

तपासणीसाठी बीडला गेले होते, त्या सकाळी दवाखान्यात नंबर लांबला. शेजारी एक वयस्क गृहस्थ कानात इअरफोन घालून, डोळे मिटून बसले होते. बीडजवळच्या पाली गावचे, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांची बायको आत होती. बोलता बोलता, घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगून बसले. त्यांनी समजूत घातली नाही. इअरफोन पुसून माझ्या हातात दिला. एका परदेशी रॉक बँडच्या मैफलीचं रेकॉर्डिंग होतं, लोकांसमोर, आधी काही न ठरवता वाजवलेलं.

"आमी बुद्धाचे लोक, ताई. देवाचं मला सांगता यायचं न्हाई," ते म्हणाले. "पण हे शेवटपर्यंत ऐका."

आधी नुसता गोंगाट वाटला. मग गाणाऱ्याचा आवाज एका ओळीवर चिरकला. वाटलं, आता थांबतील. पण गिटारवाल्यानं ती ओळ हळूच उचलली. ड्रम बारीक झाला. एकानं काही सुचवावं, दुसऱ्यानं ते जरा वळवून परत द्यावं, मध्येच सगळ्यांनी वाट चुकल्यासारखं चाचपडावं, असं कितीतरी वेळ चाललं. आणि कुणी खुणावलं कोण जाणे, सगळे एकदम एका जागी येऊन पोचले. लोकांनी जल्लोष केला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. गाणारा मात्र पुन्हा गायलाच नाही.

"मग इतका वेळ त्यो काय करत व्हता?" मी विचारलं.

"मी व्हिडिओ बी पाहिलाय. बाजूला उभा राहून ऐकत व्हता."

तेवढ्यात माझा नंबर आला. बाहेर आले तर ते गेले होते. नावही विचारायचं राहिलं.

पुढच्या एकादशीला मी देवळात गेले आणि मागे बसले. वरच्या सुराची ओळ आली तशी गप्प राहिले. ती ओळ सोजरबाईनं घेतली. बेसूर म्हणून मीच तिला कायम मागे बसवलेलं. तिचा आवाज थरथरत होता, पण त्यात अशी आर्तता होती की माझी मान आपोआप खाली गेली. इतकी वर्षं ती माझ्या पाठीशी गात होती आणि मी तिला एकदाही ऐकलं नव्हतं.

वरचा सूर परत आला नाही, आणि मी आता तो मागतही नाही. गळा देवाचा होता, त्यानं ठेवून घेतला. त्या अनोळखी माणसाला मी रोज मनोमन हात जोडते. सोजरबाई पुढे बसते. मी मागे टाळ धरते आणि ऐकते.