आमचं, आणि कोणाचं?

हे मराठीत लिहिते, कारण आमच्या ह्यांना बाळबोध अक्षर वाचता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. ही अक्षरं वडिलांनी पाटीवर गिरवून घेतलेली. त्यामुळे ह्यांच्याबद्दलही मनात येईल ते लिहिता येतं.

तंजावूरला आमच्या गल्लीमागे सरकारी मैदान होतं आणि मैदानाच्या कडेला सिमेंटच्या लांबलचक पायऱ्या. शाळेच्या शर्यती असल्या की माणसं त्यांवर बसायची, एरवी नुसतं ऊन. त्या उन्हावर आमचं अर्धं घर चालायचं. मी आणि वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, उन्हाळाभर तिथे तांदळाच्या पिठाचे वडाम घालायचो. वाळले की बाजारातला पापडवाला घेऊन जायचा. बोलायचं काम वन्संचं, घालायचं माझं. परक्या माणसापुढे माझा घसाच सुकतो.

एक दिवस हे ऑफिसातून आले ते दारातूनच ओरडत. "नम्म अणि येणार! तंजावूरला!"

तमिळमध्ये अणि म्हणजे संघ. नम्म अणि म्हणजे आपला संघ, क्रिकेटचा. पण आमच्या घरात बोलणं मराठी, त्यात तमिळ शब्द वाटेल तिथे येऊन बसतात. वन्सं पीठ घोटत होत्या. त्यांना वाटलं, भाऊ अर्धं वाक्य तोंडात ठेवून चपला काढतोय.

"आमचं आणि काय येणार?"

"अणि, अक्का, अणि!"

"तेच विचारते. आमचं, आणि कोणाचं?"

मला हसू आवरेना. हे रागावून आत गेले.

मग लग्नाच्या कल्याण मंडपात वॉर्डाच्या मेंबरांनी सभा घेतली. मैदानावर स्टेडियम होणार, बाहेरून माणसं येणार, लॉज भरणार, ऑटोवाल्यांना फुरसत मिळणार नाही. दर वाक्यात नम्म, आणि दर नम्मला टाळी. वन्सं उभ्या राहिल्या. मेंबरांना त्या तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. मी खाली बघितलं.

"तंबी, बांधायचा पैसा कोणाचा?"

"नम्म पैसा, अम्मा. जनतेचा."

"जागा?"

"नम्म जागा."

"तिकिटाचे पैसे?"

"ते मालकांचे. संघ त्यांचा ना."

"मालक कुठले?"

"चेन्नैचे."

वन्सं माझ्याकडे वळल्या आणि मराठीत मोठ्यांदा म्हणाल्या, "बघ, आता तुझ्या नवऱ्याचं वाक्य पुरं झालं. आमचं, आणि त्यांचं."

मराठी घरं तेवढी हसली. बाकीच्यांना वाटलं आम्हाला आनंद झाला, म्हणून त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी वन्संचा पदर ओढला. पायऱ्यांचं विचारा ना! त्यांनी विचारलं.

"पायऱ्या कशाला, अम्मा?" मेंबर म्हणाले. "आत स्टॉल देतो. आधी गल्लीतल्या बायकांना."

स्टेडियमसाठी पायऱ्या फोडल्या. आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलो. तिथे अर्धा दिवस नारळाची सावली आणि पूर्ण दिवस कावळे. वडाम नीट वाळेनात, वास यायला लागला. पापडवाल्याने दोनदा गिऱ्हाइकांचं ऐकून घेतलं आणि मग पापनाशम गावाहून माल आणायला लागला. म्हणाला, "ऊन मिळालं की या."

पहिल्या सामन्याला ह्यांनी आम्हा दोघींनाही नेलं. वन्संनी घरचे तळलेले वडाम पिशवीत घेतले होते. गेटवर पोराने पिशवी उघडली. "बाहेरचं खाणं चालत नाही, पाटी." पाटी म्हणजे आजी.

"बाहेरचं कुठलं? तुझं हे गेट उभं आहे ना, तिथेच वाळायचे हे."

पिशवी काढून घेतली. आत स्टॉल होते, सगळे एकाच कंपनीचे. टोपी घातलेल्या मुली गार पफ विकत होत्या. आमच्या गल्लीतली एक बाई तिथे होती खरी, खुर्च्यांखालचे कागद गोळा करत. मेंबरांनी शब्द अगदीच मोडला असं म्हणता येणार नाही.

नम्म अणित तंजावूरचा कोण, असं वन्संनी विचारलं. ह्यांनी खूप वेळ मैदानाकडे बघितलं. मग पाण्याच्या बाटल्या घेऊन पळणाऱ्याकडे बोट केलं. तोही शेजारच्या ओरत्तनाडु गावचा निघाला.

पुढे मालकांना खेळाडूंची खोली लहान वाटायला लागली. मग स्वतःच्या खुर्च्यांवर छप्पर हवं झालं. नाहीतर संघ नेतो म्हणाले. मेंबर म्हणाले, आता गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. म्हणजे आधी संघ आला की फायदा, आता गेला तर अब्रू. छप्पर झालं, खोलीही झाली. तेवढ्यात दुसऱ्या एका गावाने ह्याहून मोठं स्टेडियम बांधून दिलं, आणि नम्म अणि तिकडे जाऊन त्यांची नम्म अणि झाली. हे दोन दिवस धड जेवले नाहीत. वन्सं ताक वाढताना म्हणाल्या, "अरे, पायऱ्या गेल्या तेव्हा तर भातावर भात घेत होतास."

स्टेडियम राहिलं. हिरवळ महागाची, म्हणून तिला रोज पाणी. आमच्या नळाला दिवसाआड. गेटवरचं कापड वाऱ्याने फाटून नम्म उडून गेलं, अणि तेवढं लटकत राहिलं.

राखणदार जुनाच होता, पायऱ्यांच्या वेळचा, आमचे वडाम खाल्लेला. वन्सं त्याच्याशी बोलल्या आणि त्याने बाजूचं दार उघडून दिलं. मालकांच्या खुर्च्यांवर छप्पर, तिथे उपयोग नव्हता. स्वस्त तिकिटांच्या खुर्च्यांवर मात्र दिवसभर ऊन. एवढं सुरेख ऊन पायऱ्यांवरही नव्हतं. आम्ही कापडं पसरून वडाम घातले. खुर्च्या खोलगट, म्हणून वडाम बशीसारखे वाकले. पापडवाल्याने एक उलटासुलटा करून बघितला, तळून बघितला, आणि गोणी आत ठेवून घेतली.

परवा ह्यांनी बातमी आणली, नवी अणि येणार म्हणून. काल सकाळी मेंबर बूटवाल्या चार माणसांना घेऊन स्टेडियम दाखवायला आले. वन्सं पाणी आणायला खाली गेल्या होत्या. वर मी एकटी, आणि ओळीच्या ओळी ओले वडाम.

मेंबरांचा चेहरा पडला. "हे काय? कोणाचं हे?"

मी खाली बघितलं. कापडं उचलली असती तर सगळा माल चुरा झाला असता, आणि पापडवाला परत पापनाशमला गेला असता.

"नम्मदु," मी म्हटलं. आमचं.

पुढे आणि नाही लावलं.

बूटवाल्यांपैकी एकजण हसला. मेंबरांना हसता येईना आणि त्यांच्यासमोर ओरडताही येईना. "संध्याकाळच्या आत उचला, अम्मा."

तोवर वन्सं घागर घेऊन वर आल्या होत्या. "वाळले की उचलू, तंबी," त्या म्हणाल्या. "तिकडून जा. ती ओळ ओली आहे."

आणि ते पाचहीजण बूट सांभाळत, पायांकडे बघत, तिकडून गेले.