रूबी बसली होती

उत्तरेतल्या एका डोंगरी रस्त्यावर माझी दोन वर्षं पोस्टिंग होती. मी हवालदार होतो. रूबी नावाची लॅब्रॅडॉर कुत्री माझ्याकडे होती, पुरलेली स्फोटकं हुंगून काढायला शिकवलेली. रोज सकाळी ताफा निघण्याआधी आम्ही रस्ता तपासायचो. पुढे रूबी, मग मी, दहा पावलं मागे बंदूक घेऊन माझी राखण करणारा कव्हर मॅन, लान्स नाईक लोटन. तो धुळ्याचा, मी जळगावचा. दोघंच असलो की अहिराणीत बोलायचो.

लोटन त्या रस्त्यावर स्फोटात गेला. रूबीने धोका दाखवला नाही म्हणून गेला, असं मी चौकशीत सांगितलं. त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना सांगितलं. निवृत्त झाल्यावर असोद्याच्या शाळेत झेंडावंदनाच्या भाषणातही सांगितलं. ते खोटं आहे. खरं काय ते सुमनवहिनींना मी या वर्षी सांगितलं, आणि तेही ठरवून नाही.

त्यांची मुलगी मनीषा नर्स आहे. तिने एक कुत्रा सोडवून घरी आणला. चार-पाच वर्षांचा. भाडेकरू त्याला गच्चीवर बांधून घर सोडून गेले होते. पुढे तिची नाशिकला बदली झाली आणि कुत्रा आईकडे राहिला. वहिनींचा फोन आला.

"भाऊ, तुम्ही कुत्रा शिकाडेत ना? हाऊ तीन दिनपाईन खाट खाले बठेल शे. नाव ठेवं शेरू! माले कुत्रासना राग शे, तुमले माहीत शे. पन मनीषानी आनेल शे, काय करू?"

तेव्हापासून दर रविवारी पिंप्राळ्याच्या माझ्या घरून निघून मी सकाळची धुळे एसटी धरू लागलो. पहिल्या दिवशी शेरूला हातही लावला नाही. खाटेकडे पाठ करून जमिनीवर बसलो आणि हात मागे नेऊन उकडलेल्या अंड्याचे तुकडे ठेवत गेलो. तासाभराने एक तुकडा उचलल्याचा आवाज आला.

"तुम्ही शिकाडतस का नुसता बठतस?" वहिनींनी विचारलं.

"आज इतलंच."

"इतलं तं मी बी शिकाडती."

तिसऱ्या रविवारी शेरू खाटेबाहेर आला. पाचव्या रविवारी हाक मारली की यायला लागला, 'बस' म्हटलं की बसायला. भांडं पडलं तर अजून थरथरायचा, पण पळायचा नाही. वहिनींच्या पायाशी येऊन उभा राहायचा. त्याला खेकसून दटावता दटावता त्या आता त्याच्यासाठी भाकरी वेगळी काढून ठेवत होत्या. मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचो. पट्टा ढिला ठेवा. भित्र्या कुत्र्याला ओढलं की तो पट्ट्यालाच भितो.

आठव्या रविवारी सकाळी नऊला आम्ही पांझरा नदीच्या पुलाकडे निघालो. पट्टा वहिनींच्या हातात होता. पुलाच्या तोंडाशी गटारावर लोखंडी जाळी होती. गाडी गेली की खणखणायची. शेरू जाळीच्या अलीकडे खाली बसला. वहिनींनी ओढलं. तो उठेना. त्यांनी पुन्हा जोरात ओढलं.

"वढू नका," मी ओरडलो. रस्त्यावरचे दोघं थांबून बघू लागले. मी आवाज खाली आणला. "तो काही तरी सांगी ऱ्हायना."

"हाऊ बरा सांगस," वहिनी म्हणाल्या. "तुमनी कुत्रीनी सांगं नही."

तेव्हाही गप्प राहता आलं असतं. इतकी वर्षं तेच केलं होतं.

"सांगं व्हतं," मी म्हणालो.

मग तिथंच उभ्याने सगळं सांगितलं. आदल्या दिवशी रूबी एका डब्यापाशी बसली होती. तिने बसणं हाच तिचा इशारा. ताफा दोन तास अडला आणि डबा रिकामा निघाला. मेसमध्ये जवान हसले. "हवालदार साब, मेमसाब थक गई थी क्या?" मला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी ०५४० ला निघालो. ०६१५ ला एका मोरीपाशी रूबी बसली. तेवढ्यात रेडिओ वाजला.

"कहाँ पहुँचे? ओवर."

"पुलिया के पास. ओवर."

"कॉन्वॉय निकल चुका है. जल्दी करो. ओवर."

मागून लोटन म्हणाला, "भाऊ, रूबी बठेल शे."

"थकनी ती. चाल."

मी पट्टा ओढला. ती उठली नाही. मला मेसमधलं हसणं आठवलं. दुसऱ्यांदा जोरात ओढला. ती कडेला सरकून, पोट जमिनीला घासत माझ्याबरोबर आली. मीही तिच्या मागे कडेनेच गेलो. लोटन सरळ आला. ०६१७.

चौकशीत विचारलं, कुत्रीने इंडिकेशन दिलं होतं का? मी म्हणालो, "नो सर." रूबीच्या कागदावर 'भित्री, कामास अयोग्य' असं लिहिलं गेलं आणि तिला परत पाठवलं. गाडीत चढवली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. तिचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. मी नायब सुभेदार होऊन निवृत्त झालो.

शेरू अजून बसलेलाच होता. त्यांच्या हातातला पट्टा सैल पडला.

"मनीषाना बापनी तुमले सांगं व्हतं?"

"हा."

"अन् मना घर बठीसन, मना हातना चहा पिसन तुम्ही माले सांगं, कुत्रीनी धोका दिधा."

त्या शेरूला घेऊन घराकडे वळल्या. वळता वळता म्हणाल्या, "हाऊ आजून पूल पार करत नही. तितलं शिकाडा. मंग येऊ नका." थोडं चालून गेल्यावर थांबल्या. "अन् हाई बठ्ठं लिखी द्या. मनीषाले."

आणखी तीन रविवार लागले. शेवटच्या रविवारी वहिनी पट्टा ढिला धरून जाळीपाशी थांबल्या. शेरू बसला. त्यांनी वाट पाहिली. तो उठला, जाळी हुंगली आणि स्वतःहून चालू लागला. दोघं पलीकडे गेले. मी अलीकडेच उभा राहिलो. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. अकराच्या एसटीने मी परत आलो.

हे कागद मनीषासाठी आहेत आणि ज्यांनी माझी भाषणं ऐकली त्यांच्यासाठी.

लान्स नाईक लोटन, धुळे. वय सत्तावीस. मुलगी तेव्हा सात महिन्यांची. तो माझ्या मागे होता.

रूबी, लॅब्रॅडॉर. वय चार. ती माझ्या पुढे होती.

दोघांनीही मला सांगितलं होतं.