फणस आणि आमचा फुटीर अंक

नोकरीसाठी बंगळुरातल्या कोरमंगलात आले त्या वर्षी मी अतिवास्तववाद्यांच्या एका मंडळात शिरले. रविवारी एका कॅफेच्या गच्चीवर आम्ही जमायचो, आपापली स्वप्नं सांगायचो, ती चितारायचो आणि त्यांचा अंक काढायचो. संपादक एरवी बँकेतले मवाळ गृहस्थ; पण अंकाच्या बाबतीत भलतेच कडक. स्वप्नाबाहेरचं काही खपवून घेत नसत.

एकदा मी फोडलेल्या फणसाचा अगदी जवळून काढलेला फोटो नेला. चीक, तंतू, पिवळे गरे. बघताना किळस यायची आणि नजरही हटायची नाही.

"हे स्वप्न नाही," संपादक म्हणाले, "ही भाजी आहे."

"भाजी कच्च्या फणसाची करतात. हा पिकलाय."

सगळे हसले. संपादक सोडून. त्यांनी तिथल्या तिथे मला मंडळातून काढून टाकलं.

तेव्हा अक्का उठल्या. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं मराठी. "सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या, "हिला काढलं तर मी पण चालले. आम्ही आमचा अंक काढतो की!"

आणि काढलाच. त्यात स्वप्नांना बंदी. विषय डोळ्यांसमोरचे: मेंढीची जीभ, तुंबलेलं गटार, अक्कांच्या पायाचा अंगठा. छपाई त्यांच्या भावाच्या लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये. तिथे उरलेला गुलाबी, सोनेरी वेलबुट्टीचा कागद आम्हाला मिळाला. त्या मंगल वेलबुट्टीत बसलेला अंगठा बघून आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो.

संपादकांनी पुढच्या अंकात आम्हाला लांबलचक लेखात झोडपलं. तो वाचूनच लोक आमचा अंक शोधत येऊ लागले. शेजारच्या एचएसआर लेआउट वस्तीतल्या एका छोट्या पुस्तकजत्रेत आमचं टेबल नेमकं संपादकांच्या शेजारी लागलं. दुपारपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. मग आले, अंक चाळला, अंगठ्यापाशी थांबले.

"घाणेरडं आहे."

"स्वल्प जास्तच ना?" अक्कांनी आनंदानं विचारलं.

त्यांनी हसू दाबून पाहिलं, जमलं नाही. "पण हा कागद कुठे मिळाला?"

अक्कांनी भावाच्या प्रेसचा पत्ता देऊन टाकला.

समेट झाला नाही. कुणाला नकोच होता. आता दोन्ही अंक त्याच प्रेसमध्ये छापले जातात. आमची प्रुफं ते चोरून वाचतात, त्यांची आम्ही, त्यामुळे भांडण अंक निघायच्या आधीच पेटतं. परवा संपादक फोनवर तावातावानं बोलत होते. अक्कांनी फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे वळून कुजबुजल्या, "मुद्दा चांगला आहे गं. उत्तर काय द्यायचं, विचार कर!"